पुण्यात सायकल पोलोची हौशी लीग काढायची असेल तर

सायकल पोलो म्हटलं की लोकांना आधी घोडे आठवतात आणि मग विचारतात "म्हणजे घोड्याच्या जागी सायकल का?" तर हो, तेच. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मॅलेट म्हणजे लांब दांड्याची हातोडी, खाली चेंडू आणि पाय जमिनीला लावायचा नाही. खेळ तसा बराच जुना आहे, १८९१ साली आयर्लंडमधल्या विक्लो भागात रिचर्ड मेक्रेडी नावाच्या सायकलपटूने तो सुरू केला आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रदर्शनी सामनाही झाला, आयर्लंडने जर्मनीला ३-१ हरवलं. पण तो गवतावरचा. आपल्याकडेही गवतावरचा सायकल पोलो वर्षानुवर्षं चालतो, राष्ट्रीय स्पर्धा होतात, सैन्यदलांचे संघ त्यात तगडे असतात, फक्त त्याला भलंमोठं मैदान लागतं आणि पुण्यात रविवारी सकाळी रिकामं मैदान कुठे मिळतंय, प्रत्येक मैदानात एकाच वेळी सात टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅचेस चालू असतात.

मी सांगतोय तो हार्डकोर्ट प्रकार. सिअ‍ॅटलमध्ये २००० च्या आसपास सायकलवरून कुरिअर पोचवणाऱ्या पोरांनी कामाच्या मधल्या वेळात हा सुरू केला आणि तिथून जगभर गेला. एका टीमचे तीन, समोर तीन, सिमेंटचं कोर्ट, संपलं. सहा लोक आणि एक चेंडू मिळाला की खेळ चालू. म्हणूनच आपल्यासारख्या हौशी लोकांना हा परवडतो.

खेळ सुरू करणं सोपं आहे. लीग टिकवणं अवघड आहे. आम्ही कोथरूडच्या बाजूला हे सुरू केलं तेव्हा पहिल्या रविवारी तेवीस जण आले होते आणि दोन महिन्यांनी नऊ उरले. खेळ वाईट होता म्हणून लोक गेले नाहीत, आमचे नियम आणि मॅच लावायची पद्धत अशी होती की चांगले खेळणारेच खेळत राहायचे आणि बाकीचे कट्ट्यावर बसून बघायचे. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात एकच गोष्ट परत परत येईल, ती म्हणजे सगळ्यात कच्चा खेळाडू पुढच्या रविवारी परत आला पाहिजे. वरचे चार जण कसेही येतात हो, त्यांची काळजी करू नका.

आधी जागा. टेनिस कोर्ट बाजूच्या मोकळ्या जागेसकट साधारण ३६ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद असतं, हे माप पोलोला एकदम फिट बसतं. बास्केटबॉल कोर्ट २८ बाय १५ मीटर, म्हणजे जरा आखूड, पण शिकायला उत्तम, उलट जागा कमी असली की वेग कमी राहतो आणि नवीन लोक घाबरत नाहीत. सगळ्यात भारी म्हणजे स्केटिंग रिंक, गुळगुळीत आणि कडेला कठडा, पण रिंकवर सकाळी मुलांचे क्लास असतात त्यामुळे वेळ मिळणं कठीण. शाळेचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट हा सगळ्यात व्यवहारी मार्ग. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या, त्यात किती लोक, किती ते किती वेळ, जबाबदार कोण आणि नुकसान झालं तर भरपाई कोण देणार हे चार मुद्दे स्वच्छ लिहा, आणि शिपाईकाकांना पहिल्या दिवशीच भेटा कारण रविवारी सात वाजता गेट उघडणारे तेच असतात.

आणि एक, रंगीत सिंथेटिक थर दिलेल्या कोर्टवर चुकूनही खेळू नका. आम्हाला एका सोसायटीने मोठ्या कौतुकाने त्यांचं नवं कोरं टेनिस कोर्ट दिलं, दोन रविवार खेळलो, आणि तिसऱ्या आठवड्यात सेक्रेटरींनी मला बोलावून नेऊन दाखवलं, पेडल आणि हँडलची टोकं घासून त्या निळ्या रंगावर वीतभर लांबीचे ओरखडे पडले होते, मोजले तर अकरा. पैसे भरले, माफी मागितली, पण तिथलं आमचं नाव गेलं ते गेलंच आणि चूक शंभर टक्के आमची होती. तेव्हापासून नियम केला, प्लास्टिकचीच पेडल, हँडलच्या दोन्ही टोकांना बूच, आणि कोर्ट फक्त सिमेंट किंवा कोब्याचं.

कडेला काहीतरी अडसर पाहिजेच, नाहीतर अर्धा वेळ चेंडू आणण्यात जातो. आमच्याकडे मांडववाल्याकडून फळ्या येतात. वीतभर उंचीची फळी आडवी उभी करायची, मागून विटा किंवा वाळूची पोती लावायची, झालं काम. कोपरे मात्र काटकोनात ठेवू नका, तिथे एक फळी तिरकी टाका, नाहीतर चेंडू कोपऱ्यात अडकतो, चार सायकली तिथे घुसतात आणि पाच मिनिटं नुसती खडखड चालते. गोल म्हणजे दोन ट्रॅफिक कोन, मध्ये साधारण १८० सेंटिमीटर, टेप नसेल तर एक सायकल आडवी लावा, तेवढंच भरतं.

मोसमाचं गणित पुण्यात ठरलेलं आहे. जून ते सप्टेंबर नाव काढू नका, कोब्यावर शेवाळ धरतं आणि ओल्या कोब्यावर पुढचा ब्रेक दाबला की माणूस सरळ आडवा. गणपतीत ना माणसं मिळत ना मांडववाला. म्हणून दिवाळी झाली की सुरू करायचं आणि फेब्रुवारीत संपवायचं, मार्च लागला की मुलांच्या परीक्षा आणि ऊन दोन्ही डोक्यावर. वेळ सकाळी सात ते साडेनऊ. डिसेंबरात सातला बोटं गारठलेली असतात, मॅलेट धरवत नाही, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं नुसत्या फेऱ्या मारायच्या.

आता सायकल. नवीन घेऊ नका, प्लीज. घरी पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली २६ इंची सायकल काढा किंवा रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, घंटी, बाटलीचं होल्डर, कुलूप, जे जे काढता येईल ते सगळं काढायचं, कारण पडल्यावर तेच लागतं. टायरमध्ये हवा जरा कडक ठेवा. गिअरची सायकल असेल तर पुढे मधली चकती, मागे मोठी चकती, आणि मॅचभर गिअर बदलायचा नाही. बिनगिअरची असेल तर मेकॅनिककडून मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, मोठं टाकून घ्या, पुढचे दात मागच्यांच्या दीडपटीच्या आसपास असले की बरं, कारण पोलोत वेगापेक्षा जागच्या जागी उचल घेणं महत्त्वाचं, दर तीन सेकंदांनी थांबायचं आणि परत सुटायचं असतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक, आणि हे मी जरा सविस्तर सांगतो कारण आमच्याकडे पहिल्या महिन्यात जेवढे लोक पडले त्यातले बहुतेक याच्यामुळे पडले. आपल्याकडच्या सायकलींना साधारणपणे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागचा. पोलोत उजव्या हातात मॅलेट असते, म्हणजे तुमच्याकडे उरतो फक्त डावा हात, म्हणजे फक्त मागचा ब्रेक, आणि मागचा ब्रेक एकटा दाबला की चाक लॉक होऊन सायकल फरफटत जाते, थांबत नाही. समोर माणूस असतो आणि तुम्ही घसरत त्याच्याकडे चाललेले असता. उपाय साधा आहे, दोन्ही केबल अदलाबदल करून पुढचा ब्रेक डाव्या हाताला घ्यायचा, कोपऱ्यावरचा कुठलाही सायकलवाला चहा प्यायच्या आत करून देतो, फक्त त्याला दोनदा सांगावं लागतं कारण त्याला वाटतं आपण चुकून उलटं बोलतोय. डावखुऱ्यांना काही करायची गरज नाही, त्यांचा उजवा हात मोकळाच असतो. आणि ब्रेक बदलला की लगेच मॅचला उतरायचं नाही! एका हाताने पुढचा ब्रेक दाबताना वजन मागे घ्यायची सवय लागते, नाहीतर हँडलवरून पुढे. रिकाम्या कोर्टवर एक सकाळ फक्त थांबायची प्रॅक्टिस करा. आम्ही नवीन माणसाला आल्या आल्या हेच करायला लावतो, एका हाताने आठचा आकडा काढायचा आणि शिट्टी वाजली की थांबायचं, दहा वेळा जमलं की मॅलेट हातात.

पुढच्या चाकाला सनपॅकची, म्हणजे फलकांना वापरतात ती प्लास्टिकची, शीट गोल कापून झिप टायने स्पोकला बांधा. मॅलेट स्पोकमध्ये अडकली की मॅलेट तर जातेच, चाकाचा आऊट काढायला परत मेकॅनिककडे जावं लागतं, आणि माणूस पडतो ते वेगळंच. शीटवर टीमचा नंबर रंगवता येतो हा फायदा वरचा.

मॅलेट आपली आपणच बनवायची. परदेशात बर्फावर घसरायला वापरतात त्या काठ्या घेतात, आपल्याकडे त्या कुठून येणार, आम्ही बोहरी आळीतून अ‍ॅल्युमिनिअमचा पाइप आणतो, साधारण बोटाएवढ्या जाडीचा. लांबी प्रत्येकाची वेगळी, सायकलवर बसून हात सैल सोडला की मॅलेटचं डोकं पुढच्या चाकाच्या शेजारी जमिनीला टेकलं पाहिजे, बहुतेकांना ९० ते १०० सेंटिमीटर लागतं. डोकं म्हणजे काळा एचडीपीई पाइप, जो बोअरवेलला आणि पाण्याच्या लाइनला वापरतात तो, ६३ मिलिमीटर व्यासाचा, त्याचे बारा-तेरा सेंटिमीटरचे तुकडे करायचे. प्लंबरकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, मागितले की देतो. पीव्हीसीचा पाइप वापरू नका, तो जोरात आपटला की तडकतो आणि त्याच्या कपच्या उडतात. डोक्याला आरपार भोक पाडायचं, काठीपेक्षा किंचित लहान, काठी ठोकून आत घालायची आणि आडवा बोल्ट. वरच्या उघड्या टोकाला म्हाताऱ्या माणसांच्या काठीला खाली लावतात ते रबरी बूच बसवायचं, ही गोष्ट ऐच्छिक नाही, बूच नसलेली मॅलेट कोर्टवर घ्यायची नाही, कारण उघडा पाइप कोणाच्या पोटात गेला तर काय होईल हे सांगायला नको. धरायच्या जागी क्रिकेट बॅटची ग्रिप चढवा, झकास बसते.

चेंडू स्ट्रीट हॉकीचा, प्लास्टिकचा, टेनिस बॉलएवढाच पण न उसळणारा. ऑनलाइन मिळतो, नारंगी रंगाचा घ्या, तो गरम हवेसाठी असतो. टेनिस बॉल उसळतो, क्रिकेटचा सीझन बॉल आणि मैदानी हॉकीचा बॉल दोन्ही जीवघेणे कडक. हेल्मेट सक्तीचं. सायकलचं चालतं पण जाळीवालं क्रिकेटचं हेल्मेट त्याहून बरं, दात वाचतात, आणि पुण्यात कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर एखादं पडलेलं असतंच. स्केटिंगचे गुडघ्याचे पॅड, फुटबॉलचे शिनगार्ड, मॅलेटच्या हाताला जाड ग्लोव्ह.

आता नियम. जगभर वेगवेगळ्या संघटनांचे वेगवेगळे नियम आहेत, बारीक बारीक फरक असतात, पण गाभा सारखाच. हौशी लीगला एका कागदावर मावतील एवढेच ठेवा आणि मराठीत लिहा. गल्ली क्रिकेटमध्ये कसं, पहिली ओव्हर पडायच्या आधी ठरतं की भिंतीला डायरेक्ट लागला तर आऊट का फोर, नंतर वाद नाही. तसंच.

मॅच १२ मिनिटांची, किंवा कोणाचे आधी ५ गोल झाले तर तिथेच संपली. पहिल्या सीझनला आम्ही वेळेला हात लावला नाही पण पाच गोलांची अट काढायचं मनात होतं, बरं झालं नाही काढली, एकतर्फी मॅच लवकर संपते आणि हरणाऱ्याची जास्त धुलाई होत नाही. सुरुवातीला दोन्ही टीम आपापल्या गोलच्या मागच्या रेषेला चाक लावून उभ्या, चेंडू बरोबर मध्ये, रेफ्री "तीन, दोन, एक, पोलो" म्हणतो आणि प्रत्येक टीमचा एकच जण चेंडूकडे सुटतो. इथे समोरासमोर धडक व्हायची सगळ्यात जास्त शक्यता, म्हणून चेंडू आपल्या उजव्या हाताला ठेवूनच जायचं, डावखुरा असाल तरी. म्हणजे दोघंही एकमेकांच्या उजव्या बाजूने जातात. रस्त्यावर समोरची गाडी आपल्या उजव्या हाताने जाते तेच, त्यामुळे आपल्याला हे शिकवावं लागत नाही.

गोल झाला की ज्यांनी केला ते आपल्या अर्ध्या भागात परत जातात आणि समोरची टीम चेंडू घेऊन मधली रेषा ओलांडेपर्यंत थांबतात. ऑफसाइड नाही. गोलकीपर ठरलेला नाही, कोणीही मागे राहावं.

गोल कसा धरायचा हे नवीन लोकांना कळायला वेळ लागतो. मॅलेटचं डोकं नळीसारखं असतं, त्याला दोन वाटोळी टोकं आणि लांब बाजू. पास द्यायला, चेंडू पुढे ढकलत न्यायला कुठलीही बाजू चालेल, पण गोल फक्त टोकाने मारलेलाच धरायचा. लांब बाजूने ढकलून आत घातला तर तो गोल नाही, खेळ चालू. झाडूने ढकलल्यासारखं कोणालाही जमतं, टोकाने मारायला नेम लागतो, म्हणून हा नियम आहे आणि तो खेळाचा जीव आहे. स्वतःच्याच गोलमध्ये घालवला तर मात्र कसाही गेला तरी गोल.

धक्क्याचा नियम तीन शब्दजोड्यांत पाठ होतो. अंगाला अंग, सायकलला सायकल, मॅलेटला मॅलेट. म्हणजे शेजारून जाताना खांद्याला खांदा लावून दाबलं तर चालेल, हाताने ढकललं, कोपर मारलं, मॅलेट माणसाला किंवा सायकलला मारली तर चालणार नाही. आणि कोणाच्या बाजूला आडवी सायकल घालायची नाही, मागून चाक मारायचं नाही, मॅलेट फेकायची नाही, खांद्याच्या वर उगारायची नाही. यातलं काही झालं तर शिट्टी, चेंडू समोरच्याला. जाणूनबुजून केलं असेल तर ३० सेकंद बाहेर, टीम दोघांवर खेळेल. परत केलं तर त्या दिवसापुरती सायकल भिंतीला लावायची. आम्ही पहिल्या सीझनला खांद्याचा धक्कासुद्धा बंद ठेवला होता आणि तुम्हालाही तोच सल्ला देईन, कारण धक्का झेलायला शिकायच्या आधी धक्का खाल्लेला माणूस परत येत नाही.

आता मुख्य नियम, पाय टेकणे. पाय जमिनीला लागला, किंवा पडलात, की तुम्ही खेळातून बाद, चेंडूला हात लावायचा नाही, म्हणजे मॅलेट लावायची नाही, कोणाच्या वाटेत थांबायचं नाही. परत सायकलवर चढायचं, कोर्टच्या मध्यावर कडेला जी ठरलेली जागा आहे, आमच्याकडे फळीला एक जुनी घंटी बांधलेली आहे, तिथे जाऊन मॅलेटने ती वाजवायची आणि मग खेळात यायचं. दोन्ही कडांना एकेक घंटी असली की बरं. फळीला मॅलेट टेकवून कडी आपटल्यासारखी आपटली तरी चालते पण घंटीचा आवाज सगळ्यांना कळतो.

हा नियम रेफ्रीच्या भरवशावर चालत नाही. सहा सायकली फिरतायत, बारा पाय आहेत, एकटा रेफ्री काय काय बघणार. कोपऱ्यात घोळका झाला की कोणाचा बूट सेकंदभर टेकला ते फक्त त्यालाच माहीत असतं. म्हणून आमच्याकडे ज्याचा पाय टेकला त्यानेच "टेकला!" असं ओरडायचं आणि घंटीकडे जायचं, रेफ्रीने बघितलं असो वा नसो. सुरुवातीला लोक लपवायचे, लपवून गोल करायचे, मग भांडणं, मग ग्रुपवर शंभर मेसेज, मग दोन जण सोडून गेले. दुसऱ्या सीझनच्या फायनलला ४-४ होते, मिनिटभर राहिलं होतं, आठवीतला एक मुलगा चेंडू घेऊन एकटा गोलसमोर पोचला, मारला, आत गेला, पोरं ओरडायला लागली आणि हा हात वर करून म्हणाला "काका, माझा टेकला होता आधी." कोणी बघितलं नव्हतं. मी रेफ्री होतो, मीही नाही. तो स्वतः जाऊन घंटी वाजवून आला, गोल रद्द, आणि पुढच्या तीस सेकंदांत समोरच्यांनी गोल करून मॅच घेतली. त्या दिवसानंतर आमच्याकडे टेकल्यावरून वाद झालेला मला आठवत नाही, कारण चाळिशीच्या माणसाला आता त्या पोरासमोर खोटं बोलायला जड जातं. तुमच्या लीगला असा मुलगा आपोआप मिळेलच असं नाही, त्यामुळे कॅप्टन लोकांनी पहिल्या दिवसापासून स्वतःचा टेकला की सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगावं. वरच्यांनी केलं की खालचे करतात.

टाइमप्लीज चालतो. कोणी पडलं आणि उठत नसेल, चेन उतरली, हेल्मेट निघालं, तर कुठल्याही खेळाडूने ओरडावं आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबावं. मॅचला प्रत्येक टीमला एक मिनिटाचा स्वतःचा टाइमप्लीजही द्या, दम लागतो हो.

आता मॅच लावायची पद्धत, आम्ही खरं चुकलो ते इथे. सुरुवातीला जिंकेल ती टीम कोर्टवर राहील आणि पुढची टीम येईल असं ठेवलं होतं. बॅडमिंटनला चालतं ते. इथे काय झालं, तीन दणकट सायकलिस्ट एकत्र आले आणि दोन तास उतरलेच नाहीत. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एक काकू होत्या, पन्नाशीच्या, लेडीज सायकल घेऊन कर्वेनगरवरून यायच्या, साडेसहाला घर सोडायच्या, लागोपाठ तीन रविवार त्यांना सकाळभरात मिळून एक-एक मॅच मिळाली, तीही चार मिनिटांत पाच गोल खाऊन संपलेली. चौथ्या रविवारी आल्या नाहीत. मला वाटलं कामात असतील.

मग आम्ही मॅलेट टाकायची पद्धत घेतली, जी बाहेर बऱ्याच ठिकाणी सरावाच्या दिवशी वापरतात. सगळ्यांनी आपापल्या मॅलेट कोर्टच्या मध्ये एका ढिगात टाकायच्या, एकाने पाठ करून किंवा डोळे मिटून एकेक उचलून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे ठेवायची, तीन-तीन झाल्या की तीच टीम. पुढच्या मॅचला परत ढीग, मात्र आत्ता खेळलेल्यांची मॅलेट बाकीच्या सगळ्यांची उचलून होईपर्यंत ढिगात टाकायची नाही. पहिला सीझन पूर्ण असाच खेळा, टीम न करता. गुण माणसाला द्यायचे, टीमला नाही. जिंकलेल्या तिघांना ३-३, बरोबरी झाली तर १-१, आणि त्या सकाळी वेळेवर आल्याचा प्रत्येकाला १. हा शेवटचा एक गुण फुकटचा वाटेल पण सीझन संपताना कळतं की रोज येणारा साधा खेळाडू अधूनमधून येणाऱ्या चॅम्पियनच्या वर असतो, आणि तसाच असायला पाहिजे. शिवाय दणकट माणसाला कच्च्या माणसाबरोबर खेळावं लागलं की तो त्याला शिकवतो, ओरडून का होईना, पास कुठे द्यायचा ते सांगतो, कारण आता त्याचे गुण त्याच्यावर अवलंबून आहेत.

दुसऱ्या सीझनला टीम करा. आमच्याकडे तेव्हा १८ लोक होते म्हणजे ६ टीम. वाटणी मागच्या सीझनच्या गुणांवरून, पहिले सहा एकेका टीमला, मग सातवा सहाव्याच्या टीमला, आठवा पाचव्याच्या असं उलट्या क्रमाने, आणि तिसऱ्या फेरीला परत सुलट. मित्रामित्रांची टीम करू देऊ नका, कितीही गळ घातली तरी. सहा टीमची साखळी म्हणजे १५ मॅचेस. १२ मिनिटांची मॅच आणि मध्ये ५ मिनिटं धरली तर १७ मिनिटं, म्हणजे पंधरा मॅचेसना सव्वाचार तास, एका सकाळी शक्यच नाही. पण प्रत्येक टीमची एकेक मॅच अशा पाच फेऱ्या पाडल्या, फेरीत तीन मॅचेस, तर रविवारी दोन फेऱ्या म्हणजे सहा मॅचेस पावणेदोन तासांत होतात. पहिल्या दोन रविवारी चार फेऱ्या, तिसऱ्या रविवारी पाचवी फेरी. चौथ्या रविवारी सेमी आणि फायनल, आणि त्याच दिवशी पाचव्या-सहाव्या नंबरची पण मॅच लावा, विसरू नका, त्या दोन टीमनी पण सकाळी उठून यायला काहीतरी कारण पाहिजे ना.

रेफ्री बाहेरून आणायची गरज नाही. ज्याची मॅच नाही त्याची शिट्टी. मोकळ्या टीमचा एक जण शिट्टी घेऊन मध्ये, बाकी दोघं एकेका गोलमागे, आणि वेळ बघायला कोणीही मोबाइल घेऊन. रेफ्रीचा निर्णय त्या मॅचपुरता अंतिम. तक्रार करायची तर फक्त कॅप्टनने, मॅच संपल्यावर, तोंडी, आणि ग्रुपवर अजिबात नाही. नियम सीझनच्या मध्ये बदलायचे नाहीत, चुकीचा वाटला तरी नाही, वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या सीझनला बसून ठरवा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. सगळ्यांकडून सीझनची वर्गणी एकदम घ्या, दर रविवारी मागत बसू नका, हिशोब महिन्याच्या महिन्याला सगळ्यांना दाखवा. विद्यार्थ्यांना निम्मी. चेंडू, फळ्यांचं भाडं, शिपाईकाकांचा मान, प्रथमोपचाराची पेटी, एवढाच खर्च. पेटीत बर्फाची पिशवी आणि क्रेप बँडेज हवंच, बोटं आणि मनगटं सगळ्यात जास्त दुखावतात. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची सही घ्या आणि पालकांना एकदा प्रत्यक्ष येऊन बघू द्या. डोक्याला मार लागला तर तो माणूस "मला काही झालं नाही" म्हणाला तरी त्या दिवशी परत खेळणार नाही आणि एकटा सायकलवर घरी जाणार नाही, कोणीतरी डॉक्टरकडे घेऊन जायचं. यात भिडेला पडू नका.

साडेनऊला शिट्टी झाली की फळ्या आपणच उचलायच्या, कोर्ट झाडून द्यायचं, गेटला कुलूप लागेपर्यंत एकाने थांबायचं आणि मग चहा-पोहे. जागा परत मिळते ती झाडलेल्या कोर्टमुळे.

आणि सीझन संपला की गुणांच्या यादीत जे सगळ्यात खाली आहेत त्यांना फोन करा. ग्रुपवर मेसेज नाही, फोन. पुढच्या वेळी येणार का, काय आवडलं नाही, विचारा. त्या काकूंना फोन करायला मी दीड वर्ष लावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं "आता किती मॅचेस मिळतात?" म्हटलं दर रविवारी दोन, नक्की. आल्या. तीच लेडीज सायकल, फक्त पुढचा ब्रेक आता डाव्या हाताला आहे.